सव्वादोन फुटांचा जिना

४ नोव्हेंबर

चि. इंची,

आशीर्वाद नंतर, आधी धक्का घे. आम्ही घर बांधतोय.

हो, मीच. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या स्लॅबच्या सळया वाकवणारा तुझा बाप आता स्वतःच्या घराच्या वाकवणार आहे. तुझी आई अजून सावरलेली नाही. परवा तिला जागेवर नेलं, गवतात उभं केलं आणि म्हटलं, "हे आपलं." ती म्हणाली, "कुणाचं?" म्हटलं, "आपलं, आपलं." तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

हे फोनवर सांगितलं असतं, पण मिक्सरशेजारी उभं राहून माझे कान कामातून गेलेत. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुझी आई मनाने भरते. शिवाय नकाशा काही फोनवर काढता येत नाही. तेव्हा पत्रानेच काम करू. उत्तर जागेवरच्या पत्त्याला पाठव, वॉचमन ठेवून घेतो.

जागा तीस फूट बाय पंचेचाळीस. रस्ता पूर्वेला. राहणार दोघं, मी आणि तुझी आई. बसायची खोली, आमची झोपायची खोली, तू आणि जावई आलात की तुमच्यासाठी एक खोली, आणि स्वयंपाकघर असं काढ की तुझ्या आईला ओट्यापासून फडताळापर्यंत चालत जावं लागणार नाही. छप्पर सपाट हवं. आईला गच्चीवर कपडे वाळत घालायचेत आणि मला तिथे खुर्ची टाकून काहीही न करता बसायचंय.

एक अट आहे. गच्चीवर सळया सोडायच्या नाहीत. उद्या मजला चढवू म्हणून लोक कॉलमच्या सळया वर उभ्या ठेवतात. मी स्वतः हजारो ठेवल्या. मुलगा परत येईल, वर राहील, म्हणून ठेवतात आणि त्या वीस-वीस वर्षं गंजत उभ्या राहतात. मी माझं घर पुरं करणार. वर सपाट, त्याच्या वर आभाळ. दादाला तसं कळवलं. तिकडून त्याचं एका शब्दाचं उत्तर आलं, "ठीक."

तू साऱ्या जगाची घरं काढतेस, आता बापाचं काढ. माझी शिस्त तुला माहीत आहे. कागदावर असेल ते मी लोखंडात उतरवतो, एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. साहेबांनी चूक काढली तर मी चूक बांधली. लाजायचं असेल तर कागद काढणाऱ्याने लाजावं.

वीस तारखेला सळया बघायला तुमच्या शहरातल्या डेपोत येतोय. दुपारी तुमच्या घरी डोकावतो. जावयांना सांग, सासरा जेवायला नाही, चहावर भागेल. आणि माझं टेबल कसं आहे? म्हणजे तुझंच. पाय डगमगत नाहीत ना?

तुझे बाबा


१४ नोव्हेंबर

बाबा,

वाकून नमस्कार, आणि वाकल्या वाकल्या तिथेच बसले. घर! तुम्ही! ज्या माणसाने घरातला खिळा ठोकायला तीन वर्षं लावली तो घर बांधतोय! मी ऑफिसात मोठ्याने ओरडले, शेजारच्या बाईच्या हातून शाईची बाटली पडली.

तुमचं पत्र मला उशिरा मिळालं. आमच्या इमारतीत टपालाचा नुसता गोंधळ चालू आहे, कुणाचं पत्र कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही. यापुढे ऑफिसच्याच पत्त्यावर लिहा. विसरू नका.

नकाशा सोबत आहे. घाईत नाही, दोन रात्री जागून काढलाय, नीट. पूर्वेला बसायची खोली, मधे एक छोटा चौक, म्हणजे तिन्ही खोल्यांत उजेड येईल. आईचा ओटा असा ठेवलाय की ती जागच्या जागी वळली की फडताळ, पुन्हा वळली की सिंक. गच्चीला मागच्या बाजूला पाण्याचा उतार दिलाय, दहा फुटांत दीड इंच. सपाट म्हणजे अगदी सपाट केलंत तर पहिल्याच पावसात तुमच्या खुर्चीचे पाय बुडतील. आणि या घरात एकही बोळ नाही. मुद्दाम नाही. का, ते तुम्हाला नाही कळायचं.

सळया नाहीत, हे वाचून मला जे वाटलं ते लिहून दाखवता येत नाही. बाबा, शाबास.

टेबल ठणठणीत आहे. त्याच्यावरच हा नकाशा काढला. हे बरे आहेत, कामात असतात. वीस तारखेला मात्र येऊ नका. आम्ही दोघं त्या दिवशी बाहेरगावी चाललोय, घराला कुलूप असेल, तुमची उगाच खेप होईल.

इंची


२७ नोव्हेंबर

चि. इंची,

तुझं पत्र मला एकवीसला मिळालं. मी वीसला जाऊन आलो होतो. सळया चांगल्या आहेत. ट्रकमध्ये बसूनच परत आलो.

टेबलावर नकाशा काढलास हे वाचलं. दोनदा वाचलं.

नकाशा उत्तम आहे. आईने ओट्यावर बोट फिरवून फिरवून कागद मळवला. पण त्यात मोठा बदल करायचा आहे. वर एक मजला हवा. पुरा नको, एक मोठी खोली, तिला तिचा वेगळा ओटा, तिची न्हाणी. जिना बाहेरून हवा. दाराला स्वतंत्र कुलूप. वर राहणाऱ्या माणसाला आमच्या बसायच्या खोलीतून जावं लागू नये. कधी आलं, कधी गेलं, कोण भेटायला आलं, कुणी विचारू नये. मीही नाही आणि आईनेही नाही.

खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी ठेव. खिडकीखाली भिंतीला निदान साडेपाच फूट लांबीची मोकळी जागा सोड. जिना साडेतीन फूट रुंद हवा.

गच्चीवर सळया सोडतोय. आत्ता ओतून टाकणं जमणार नाही, खालचं झालं की वरचं.

थंडी वाढली आहे. तुझ्या खोलीत, म्हणजे घरात, पांघरूण आहे ना?

बाबा


५ डिसेंबर

बाबा,

मी हादरलेय. तुमचं पत्र ऑफिसातल्या बाईंनाही वाचून दाखवलं, म्हटलं मीच चुकीचं वाचतेय का? त्या म्हणाल्या, नाही, सळयाच लिहिलंय.

महिन्यापूर्वी छातीठोकपणे लिहिणारे तुम्हीच ना? सपाट गच्ची, वर आभाळ, मुलं येत नाहीत! तीन आठवड्यांत असं झालं काय? दादाने दुसरा शब्द लिहिला? "येतो" म्हणाला? आणि तुम्ही लगेच त्याच्यासाठी मजला, ओटा, न्हाणी, जिना बाहेरून, म्हणजे राजेसाहेबांना आईबापांच्या खोलीतून जायचा त्रास नको! कधी आला, कधी गेला, विचारायचं नाही! मला कॉलेजातून यायला दहा मिनिटं उशीर झाला तर तुम्ही चौकापर्यंत शोधायला यायचात, आठवतं?

आता बोळाचं ऐकाच. त्या दोन खोल्यांत खिडकीची खोली दादाची होती, कारण त्याचा अभ्यास मोठा. मी बोळात बसायचे, इस्त्रीची फळी मांडीवर घेऊन. न्हाणीचं दार उघडलं की माझ्या कोपराला लागायचं आणि रेघ उडायची. पहिल्या वर्षी सरांनी विचारलं, तुझी प्रत्येक रेघ शेवटी उजवीकडे का पळते? काय सांगणार होते मी त्यांना?

आणि उत्तरेची खिडकी? उत्तरेचा उजेड कागदावर डोळे फोडणाऱ्यांना लागतो, दिवसभर सावली हलत नाही म्हणून. दादाला काय करायचाय तो? दुपारी झोपायला?

मला हे काढायला लावू नका. दुसरा कुणी नकाशेवाला बघा.

इंची


१४ डिसेंबर

चि. इंची,

धक्का बसला. तुझ्या रागाचा नाही, तो तुझ्या आईकडून आलाय आणि मला सवय आहे. न्हाणीच्या दाराचा बसला. इतकी वर्षं मला वाटत होतं की तुला बोळात गार वाटतं म्हणून तू हट्टाने तिथे बसतेस. पुढे फळी जळली म्हणून तुला टेबल करून दिलं. कोपराचं माहीत असतं तर दार उलट्या बाजूने लावायला मला अर्धा तास पुरला असता. काल संध्याकाळी जागेवरून घरी गेलो आणि बोळात बसून पाहिलं. आईने दार उघडलं. लागलं.

वर कोण राहणार ते मी लिहिलेलं नाही, ते तू लिहिलंस. मी ते खोडतही नाही. ज्याचं त्याने सांगावं. तुला एवढंच सांगतो, तुला स्वतःला राहायचंय असं समजून काढ.

दुसरा नकाशेवाला मी बघणार नाही. पाया मजला पेलेल असाच खणायला घेतलाय.

बाबा


२८ डिसेंबर

बाबा,

नकाशा सोबत आहे. तुम्ही म्हणालात तसं समजून पाहिलं. नाही समजता आलं. मी कोण त्या मजल्याची?

खालचं घर पहिल्यासारखंच आहे, आईच्या ओट्याला मी धक्का लावलेला नाही. वरची खोली दहा बाय बारा. उत्तरेची भिंत बंद ठेवलीय, शेजाऱ्याच्या जागेपासून अंतर कमी पडतं. (पडत नाही, पण पडू शकतं.) खिडकी पश्चिमेला, दीड फूट. दुपारी ऊन येईल, झोपणाऱ्याने पडदा लावावा. जिना घराची भिंत आणि नवी आडभिंत यांच्या मधून, एक वळण घेऊन, सव्वादोन फूट रुंद. जास्त जागा दिली तर आईच्या खिडकीसमोरची मोकळी जागा जाते, आणि ती मी कुणासाठीही देणार नाही.

तुमची शिस्त मला माहीत आहे, आता माझीही ऐका. या कागदावर माझी सही आहे. एक इंच बदललात तर माझी सही पुसा आणि मला पुन्हा घराचं काही विचारू नका.

हे बरे आहेत. आईला सांगा, तिने पाठवलेलं लोकरीचं पांघरूण मिळालं.

इंची


२ एप्रिल

चि. इंची,

तीन महिने तू लिहिलं नाहीस, मीही नाही. भिंती झाल्या, सेंट्रिंगच्या फळ्या बसल्या. गच्चीच्या आणि जिन्याच्या सळया मी स्वतः बांधल्या, पोरांना हात लावू दिला नाही. गुडघे बोलतात, बोलू देत.

पंधरा तारखेला स्लॅब आहे. त्याच दिवशी जिनाही ओतायचा. तेव्हा एकदा, एकदाच सांगतो. जिना पुन्हा बघ. सव्वादोन फुटांतून माणूस जातो, सामान जात नाही. "साडेतीन कर" एवढं लिहिलंस तरी आडभिंत फोडतो आणि फळ्या बदलतो. दोन दिवसांचं काम आहे, मी थांबेन.

आणि तुला आणखी काही सांगायचं असेल, घराचं किंवा दुसरं काही, तर तेही लिही. माझे कान गेलेत, वाचता येतं.

बाबा


८ एप्रिल

बाबा,

नकाशा शेवटचा आहे. ज्याला सामान न्यायचं असेल त्याने डोक्यावरून न्यावं.

दुसरं काही नाही. आम्ही दोघं मजेत आहोत.

इंची


१६ एप्रिल

चि. इंची,

ओतलं. कागदावर होतं तसं.

बाबा


२३ एप्रिल

इंचे,

आई लिहितेय. किती वर्षांनी पेन हातात घेतलंय, अक्षराला हसू नकोस.

गच्चीवर पाणी साठवलंय, स्लॅब ओला ठेवायचा म्हणून. रोज सकाळी मी बघायला जाते. आज ऊन फार होतं, म्हटलं विटांच्या मागे ताडपत्री पडलीय ती डोक्यावर बांधून घेऊ. ओढली, तर खाली टेबल. तुझं टेबल. आधी वाटलं मला भास होतोय. पण चौथ्या पायाला वेल्डिंगच्या जोडाचा तो गोळा आहे ना, घासून टाका घासून टाका म्हणून मी तुझ्या बाबांचं डोकं खाल्लं होतं, तो तसाच. मी विटांवरच बसले.

वरच्या फळीवर बुटांच्या टाचांचे डाग आहेत, आणि कुंड्या ठेवल्यासारखी गोल गोल वर्तुळं. खण उघडला. त्यात तुझ्या त्रिकोणी पट्ट्या आणि बुटांच्या पॉलिशची डबी. ज्या टेबलावर तू कुणाला चहाचा कप ठेवू द्यायची नाहीस त्याच्यावर बूट कुणी ठेवले गं?

यांना विचारलं. म्हणाले, "डेपोत मिळालं." डेपोत! स्वतःच्या हाताने जोडलेलं टेबल माणसाला डेपोत मिळतं होय? लग्नाला छत्तीस वर्षं झाली, हा माणूस माझ्याशी पहिल्यांदा धडधडीत खोटं बोलला, आणि तेही किती वाईट. वॉचमनला गाठलं. तो म्हणाला, नोव्हेंबरात सळयांच्या ट्रकमधून आलं, साहेब टेबलाला धरून मागे सळयांवर बसले होते, पुढे ड्रायव्हरशेजारी बसायला तयार नव्हते.

आणि तू तर लिहितेस त्या टेबलावर नकाशे काढतेस! यांनी तुझं पत्र मला वाचून दाखवलं होतं, तेव्हा या ओळीला खोकले. आता कळतंय, का खोकले.

तुमच्या घरात काय झालंय ते मला सांग. मी आई आहे, शेजारीण नाही.

आई


२७ एप्रिल

बाबा,

आईचं पत्र ऑफिसात उभ्याने वाचलं. नंतर मला कुणी खुर्ची दिली, पाणी दिलं, काही आठवत नाही.

तुम्ही वीस तारखेला आला होतात. कुलूप नव्हतं, त्याने दार उघडलं असणार. तुम्हाला सगळं तेव्हापासून माहीत आहे. मी "हे बरे आहेत" लिहीत राहिले आणि तुम्ही वाचत राहिलात. कसं वाचलंत, बाबा?

आता सांगते, उशीर झालाय तरी. मी मार्चमध्ये ते घर सोडलं, तुम्ही आलात त्याच्या आठ महिने आधी. भांडण म्हणावं असं काही नव्हतं, त्यामुळे तुम्हाला काय लिहू हेच कळेना. आधी तो म्हणाला, टेबल फार जागा खातं. मग एक दिवस कामावरून आले तर टेबल बाल्कनीत. मग त्याच्यावर कुंड्या आल्या. मग बूट. मी काही बोलले की म्हणायचा, तू नाहीतरी ऑफिसातच काढतेस ना नकाशे? मग म्हणायला लागला, ऑफिस तरी कशाला हवं? त्या दिवशी मला कळलं की टेबलानंतर माझा नंबर आहे. एक बॅग घेतली आणि निघाले. टेबल उचलण्याएवढं बळ माझ्यात नव्हतं. मी ते तिथे टाकून आले, याची मला घर मोडल्यापेक्षा जास्त लाज वाटत होती.

बायकांच्या वसतिगृहात राहते. खोली नऊ बाय आठ, दोन खाटा, दुसरी बाई झोपेत बोलते. तुमचा नकाशा मी खाटेवर फळी ठेवून काढला. हो, पुन्हा फळी. तुम्ही घर बांधताय ते वाचून इतका आनंद झाला होता की त्यात हे कालवायला नको वाटलं. घर पुरं झालं की सांगू, वास्तू उभी राहिली की सांगू, असं स्वतःला समजावत राहिले.

बाबा, वरची खोली माझी होती. उत्तरेचा उजेड, साडेपाच फूट भिंत, वेगळं कुलूप, कुणी विचारू नये. सगळं तुम्ही अक्षर न् अक्षर लिहिलं होतं, आणि जिचं आयुष्य नकाशे वाचण्यात गेलं तिला ते वाचता आलं नाही. मी दादाचा राग काढत बसले. जागा कमी पडते हे खोटं होतं. साडेतीन फूट आरामात बसत होते, आईच्या खिडकीलाही काही झालं नसतं. त्याला त्रास व्हावा म्हणून मी जिना अरुंद केला. तो कधी आलाच तर दर पायरीला त्याचे खांदे भिंतीला घासावेत म्हणून. मी खिडकी बुजवली. मी हे हाताने, पट्टी लावून, शाईने केलं, आणि खाली सही केली.

तुम्ही थांबायला तयार होतात. एक ओळ मागितली होती. मी काय लिहिलं ते मला पुन्हा लिहवत नाही.

का नाही सांगितलंत? एकदा तरी, "अगं वेडे, तुझ्यासाठी आहे" एवढं?

इंची


४ मे

चि. इंची,

तुझं पत्र आईसमोर उघडलं आणि तिला सगळं वाचून दाखवलं. खोकलो नाही. तिने आधी तुझ्यासाठी डोळे पुसले, मग माझ्याशी भांडली, मग तीन दिवस बोलली नाही. काल बोलली. म्हणाली, "बाहेरून जिना ठीक आहे, पण जेवायला पोरगी खालीच येईल, ते नकाशात लिहून घ्या."

आता तू विचारलंस त्याचं. दार जावयांनीच उघडलं. म्हणाले, ती इथे राहत नाही, मी जा म्हणालो नव्हतो. मी चहा घेतला नाही. बाल्कनीचं दार उघडं होतं, टेबल दिसलं. त्यावर तीन जोड बूट. इंची, मी उंचावरून पडलेली माणसं पाहिलीत, माझ्याशेजारची. तेव्हा धावत खाली उतरलो होतो, इथे जागचा हललो नाही. त्यांनी विचारलं, "हे नेता का? अडगळ झालीय." खिशात टेप होता. काय करावं सुचेना म्हणून मी टेबल मोजलं. माझंच टेबल, पाच बाय साडेतीन, मला पाठ होतं. तरी मोजलं. मग बूट खाली ठेवले, एकेक जोड, सरळ रांगेत, आणि टेबल घेऊन निघालो. घरी आलो तर दुसऱ्या दिवशी तुझं पत्र, टेबल ठणठणीत आहे म्हणून.

का नाही सांगितलं? तू सांगत नव्हतीस म्हणून. वाटलं, पोरीने एवढ्या मेहनतीने झाकलंय, आपण ओढून उघडं करू नये. तिला वाटेल तेव्हा बोलेल. आईने ताडपत्री ओढली, मला नाही जमलं. मी चुकलो असेन. लोखंडातलं मला कळतं, यातलं कमी.

जिन्याचं मात्र मी चुकलो नाही. तुझी सही होती. चाळीस वर्षांत कागदावरचं मोडलं नाही, ते तुझ्याच कागदावर मोडू? मला माहीत होतं की टेबल त्यातून जाणार नाही. जिना सुकल्यावर आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. वळणावर अडकलं, आडभिंतीचा कोपरा उडाला.

आता तुला आणखी एक धक्का देतो. टेबल वर आहे.

काल स्लॅब पक्का झाला. पाणी काढून टाकलं, चार माणसं बोलावली, दोर बांधले आणि पुढच्या बाजूने, रस्त्यावरून, गच्चीच्या कडेवरून वर ओढलं. तुझी आई खाली उभी राहून सगळ्यांना सूचना देत होती, कुणी ऐकत नव्हतं. गच्चीवर उभ्या आहेत ना त्या सळया, वरच्या खोलीच्या चार कोपऱ्यांच्या, त्यांच्या मधोमध ठेवलंय. चारी पाय जमिनीला टेकतात, उतारापुरती एका पायाखाली चकती दिली. पॉलिशची डबी फेकून दिली. फळी घासून घेतली. डाग पुरे गेले नाहीत.

वरच्या भिंतींची अजून एक वीट बसलेली नाही. उत्तर मोकळी आहे, पश्चिम मोकळी आहे, सगळीकडून आभाळ आहे. तुझा तो डिसेंबरातला कागद जिन्यापुरता मी पाळला. वरच्या खोलीचा नवा कागद लागेल. पण तो तिकडे खाटेवर बसून काढायचा नाही. इथे ये, टेबलापाशी उभी राहा आणि खिडकी किती हवी ते हाताने दाखव. मी खडूने खुणा करतो.

आणि जिन्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मी नीट विचार केलाय. भिंती आता टेबलाभोवती उठतील, वर छत पडेल. दार तू काढलंस तेवढं, जिना तू काढलास तेवढा, सव्वादोन फूट, वळणासकट. आत असलेलं ते टेबल पुन्हा बाहेर काढणं कुणाच्या बापाला जमणार नाही. तुझ्यासुद्धा.

गाडी सकाळी सातला पोचते. मी स्टँडवर असेन.

तुझे बाबा